पन्नास वर्षं एकच माल, तरी गिऱ्हाईक हटत नाही : एसी/डीसी बँडची गोष्ट



मागच्या व्हिडिओचा विषय होता – 'मालकाशिवाय धंदा चालेल का?' त्यात शेवटी दोन मिनिटं मी एसी/डीसी या रॉक बँडचं उदाहरण दिलं होतं. ही गोष्ट दोन मिनिटांत मावत नाही. अर्धवट सांगितली की माणूस चुकीचा धडा घेऊन जातो. म्हणून आज सविस्तर लिहितोय.

रॉक संगीत ऐकत नसाल तरी वाचा. बँड हासुद्धा एक छोटा धंदाच असतो. चार-पाच माणसं, एक माल, भांडणं, उधारी, गिऱ्हाईक, आणि कधीतरी अशी एक सकाळ, जेव्हा मुख्य माणूस नसतो.

त्या सकाळीबद्दल बोलायचंय. पण आधी घरची एक गोष्ट.

वहीत नसलेलं प्रमाण

आमच्या वडिलांचा कोल्हापूर जिल्ह्यात मिरची कांडपाचा डंक होता. सोबत ते कांदा-लसूण मसाला करून द्यायचे. मसाल्याची तीन प्रमाणं होती. उन्हाळ्यात बाहेर डब्यांची रांग लागायची. एका एप्रिलमध्ये, ऐन हंगामात, त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि बोलणं गेलं.

डंक तोच होता, मिरचीचा व्यापारी तोच, कामाची माणसं तीच. पण प्रमाण वडिलांच्या हातात होतं, वहीत नव्हतं. आईला दोन प्रमाणं अंदाजाने जमली. तिसरं, जे सगळ्यात जास्त खपायचं, ते नाही जमलं. गिऱ्हाइकांनी एक हंगाम सांभाळून घेतलं. दुसऱ्या हंगामाला निम्मे डबे आले. तिसऱ्या वर्षी आम्ही डंक विकला.

म्हणून कोणत्याही धंद्याकडे बघताना माझा पहिला प्रश्न हाच असतो – मुख्य माणूस बाजूला झाला तर मागे काय उरतं? एसी/डीसीवर ही वेळ एकदा नाही, अनेकदा आली. तरी ते आजही उभे आहेत. कसे, ते बघू.

सुरुवात : घरातली माणसं आणि शिलाई मशीन

यंग कुटुंब मूळचं स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचं. कामधंद्याच्या शोधात हे मोठं कुटुंब १९६३ मध्ये ऑस्ट्रेलियात, सिडनीला आलं. धाकटे दोन भाऊ – माल्कम आणि अँगस. दोघेही अंगाने बारीक, उंचीने लहान आणि गिटारवेडे.

त्यांच्याआधी मोठा भाऊ जॉर्ज संगीतात नाव काढून बसला होता. 'द इझीबीट्स' या बँडमध्ये तो होता. १९६६ मध्ये त्यांचं एक गाणं जगभर गाजलं. पण गाणं गाजलं म्हणजे पैसा राहिला असं नसतं. १९६९ मध्ये बँड फुटला आणि जॉर्ज व त्याचा जोडीदार हॅरी वांडा यांना पुढची काही वर्षं लंडनमध्ये पडेल ते काम करून कर्ज फेडावं लागलं. दोघे १९७३ मध्ये सिडनीला परतले.

हे लक्षात ठेवा. धाकट्या भावांना घरातच असा गुरू मिळाला, ज्याने यशही बघितलं होतं आणि यशानंतरचं कर्जही. पुढे जॉर्ज आणि हॅरी यांनीच बँडचे सुरुवातीचे अल्बम तयार करून दिले.

नोव्हेंबर १९७३ मध्ये माल्कमने बँड काढला. नाव कुठून आलं? बहीण मार्गारेटने शिलाई मशीनवर 'एसी/डीसी' अशी अक्षरं वाचली होती. विजेचा प्रवाह, ताकद, दोन शब्दांत सगळं आलं. अँगसने स्टेजवर शाळेचा गणवेश घालावा ही कल्पनाही तिचीच. त्याने आधी गोरिला, झोरो असे वेगवेगळे वेश करून पाहिले. टिकला तो गणवेश. हाफ पँट, टाय, टोपी. आज सत्तरी ओलांडलेला अँगस त्याच गणवेशात स्टेजवर येतो.

बँडचा पहिला कार्यक्रम ३१ डिसेंबर १९७३ ला, सिडनीच्या 'चेकर्स' नावाच्या क्लबमध्ये झाला. नाव ठरलं, लोकांच्या डोळ्यांत राहील असा चेहरा ठरला, आणि माल ठरला : सरळ, जोरकस, पाय ठेका धरतील असं रॉक. फार सुरावटी नाहीत, गुंतागुंत नाही.

बॉन स्कॉट : दुकानाचा चेहरा

पहिला गायक डेव्ह इव्हान्स वर्षभरच टिकला. १९७४ मध्ये बॉन स्कॉट आला. तोही स्कॉटलंडहून लहानपणी ऑस्ट्रेलियात आलेला. वयाने बाकीच्यांपेक्षा मोठा. आधी काही बँड करून झालेले, मोटारसायकलच्या मोठ्या अपघातातून उठलेला. आवाजात खरखर, डोळ्यांत मिश्किलपणा, आणि शब्द स्वतः लिहायचा. साध्या माणसाच्या भाषेत, थोडे चावट, थोडे हसवणारे.

मग सुरू झाली खरी मेहनत. पब, हॉटेलं, शाळांचे हॉल, जिथे बोलावतील तिथे. ऑस्ट्रेलियातले पब म्हणजे दारू प्यायलेले, कंटाळलेले लोक. आवडलं नाही तर तोंडावर सांगणार. तिथे या मंडळींनी आपला माल घासूनपुसून घेतला. कुठल्या ठिकाणी लोक हलतात, कुठे बारकडे वळतात, हे त्यांना रोज रात्री समोर दिसत होतं. बाजार संशोधन म्हणतात ते दुसरं काय असतं?

१९७५ मध्ये ऑस्ट्रेलियात दोन अल्बम आले. ड्रमवर फिल रड आला. १९७६ मध्ये अटलांटिक या मोठ्या कंपनीचा करार घेऊन बँड लंडनला गेला आणि पुन्हा शून्यापासून छोट्या क्लबांत वाजवायला लागला. १९७७ मध्ये बास गिटारवर क्लिफ विल्यम्स आला.

अमेरिकेत मात्र गाडी अडकली. 'डर्टी डीड्स डन डर्ट चीप' हा १९७६ चा अल्बम कंपनीच्या अमेरिकी शाखेने नाकारला. बाजारात आणलाच नाही. पुढचे अल्बम निघाले, पण अमेरिकेच्या यादीत शंभराच्याही खाली राहिले.

इथे कुणीही काय केलं असतं? माल बदलला असता. तेव्हा डिस्को चालत होतं, मग पंक आलं. यांनी तसं केलं नाही. पण एक गोष्ट बदलली, आणि ती त्यांना जड गेली. कंपनीने सांगितलं, निर्माता बदला. म्हणजे सख्ख्या भावाला, जॉर्जला, बाजूला करा.

एक निर्माता आणून बघितला, जमलं नाही. मग आला रॉबर्ट जॉन लँग, ज्याला सगळे 'मट' लँग म्हणतात. त्याने गिटारला हात लावला नाही. त्याने ध्रुवपदं धारदार केली, सगळ्यांना मिळून गायला लावलं, सूर नेमका केला, आवाज स्वच्छ नोंदवला. १९७९ चा 'हायवे टू हेल' अमेरिकेत १७व्या क्रमांकापर्यंत गेला. मसाला तोच होता, पॅकिंग आणि दळण सुधारलं.

सहा वर्षांच्या ढोर मेहनतीनंतर दार उघडलं होतं. आणि मग ती सकाळ आली.

१९ फेब्रुवारी १९८०

लंडनमध्ये रात्रभर दारू पिऊन झाल्यावर बॉन स्कॉट एका मित्राच्या गाडीत झोपी गेला तो उठलाच नाही. वय ३३.

आता बँडच्या जागी स्वतःला ठेवून बघा. ज्याचा आवाज म्हणजे तुमचा ब्रँड, जो शब्द लिहायचा, ज्याच्यासाठी लोक तिकीट काढायचे, तो माणूस गेला. तोही मोठं यश मिळाल्यावर लगेच. बँड बंद करायचा विचार त्यांच्याही मनात आला. बॉनच्या घरच्यांनीच सांगितलं, थांबू नका.

मग नव्या गायकाचा शोध सुरू झाला. निवडला गेला ब्रायन जॉन्सन, इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या बाजूचा, वय ३२. त्याचा 'जॉर्डी' नावाचा बँड सत्तरच्या दशकात थोडा चालून विझला होता. तेव्हा तो काय करत होता माहितीये? गाड्यांच्या टपांना व्हिनाइल बसवून द्यायचा छोटा धंदा. आपल्यासारखाच माणूस! विशेष म्हणजे बॉनने कधीकाळी ब्रायनचं गाणं ऐकलं होतं आणि यंग भावांपाशी त्याची तारीफ केली होती. म्हणजे वारसाचं नाव एका अर्थी जाणाऱ्यानेच सुचवून ठेवलं होतं.

इथे त्यांनी दोन गोष्टी केल्या, त्या नीट बघा.

पहिली : बॉनची नक्कल करणारा माणूस घेतला नाही. ब्रायनचा आवाज वेगळा आहे, जास्त उंच, जास्त फाटका. पण तो त्याच जातकुळीचा. कामगार वस्तीतला, विनोदी, रोखठोक.

दुसरी : दुःख लपवलं नाही. एप्रिलमध्ये बहामा बेटांवरच्या नसाऊ इथे रेकॉर्डिंग सुरू झालं, निर्माता पुन्हा मट लँग. २५ जुलै १९८० ला, म्हणजे बॉन गेल्यावर पाच महिन्यांत, 'बॅक इन ब्लॅक' बाजारात आला. मुखपृष्ठ पूर्ण काळं, बॉनच्या शोकासाठी. पहिलं गाणं मोठ्या घंटेच्या टोल्यांनी सुरू होतं. ती घंटा लफबरो इथल्या जॉन टेलर यांच्या घंटा ओतणाऱ्या कारखान्यातून खास करून घेतली होती, वजन सुमारे एक टन. गिऱ्हाइकाला कळत होतं, यांच्या घरात सुतक आहे आणि तरी दुकान उघडलंय.

'बॅक इन ब्लॅक' ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. अमेरिकेत चौथ्या. पण तो क्रमांक विसरा. हा अल्बम विकला जायचा थांबलाच नाही. एकट्या अमेरिकेत त्याची अधिकृत नोंद अडीच कोटी प्रतींच्या पुढे गेली आणि जगभरातली विक्री पाच कोटींच्या आसपास धरली जाते. जगात सर्वाधिक खपलेल्या अल्बमांत त्याचं नाव वरच्या काहींत येतं.

गंमत पुढे आहे. १९७६ मध्ये नाकारलेला तो 'डर्टी डीड्स' अमेरिकी शाखेने १९८१ मध्ये मुकाट्याने बाजारात आणला आणि तो थेट तिसऱ्या क्रमांकावर गेला. पाच वर्षं गोदामात पडलेला माल. त्यात एक सूरही बदलला नव्हता.

मग माल नक्की कुणाकडे होता?

आता मूळ मुद्दा. गायक हा बँडचा चेहरा होता. अँगस त्याच्या गणवेशात स्टेजभर पळायचा, तो दुसरा चेहरा. पण माल तयार व्हायचा तिसऱ्याच माणसाकडे – माल्कमकडे.

माल्कम रिदम गिटार वाजवायचा. समजायला सोपं करून सांगतो. भजनी मंडळात बुवा पुढे बसून गातात, लोक त्यांनाच बघतात. पण पखवाज आणि टाळ सुटले तर बुवांची तान हवेत राहते. माल्कमची गिटार म्हणजे तो पखवाज. स्टेजवर तो मागे, ड्रमच्या बाजूला, स्पीकरजवळ उभा राहायचा. गाण्याच्या ओळीपुरता माईकपाशी यायचा आणि परत आपल्या जागेवर. टाळ्या अँगसला आणि गायकाला. पण गाण्याचा पाया, म्हणजे ज्याला 'रिफ' म्हणतात तो पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा, बहुतेक दोघे भाऊ मिळून बसवायचे. काय ठेवायचं आणि काय काढायचं, यावर शेवटचा शब्द बहुतेकदा माल्कमचा.

'काय काढायचं' हे महत्त्वाचं. एसी/डीसीची गाणी ऐका. सुरांच्या मध्ये मोकळी जागा असते. वाजवता येत असूनही वाजवलेलं नाही. कीबोर्ड नाही, सनई-चौघडा नाही, हळवी प्रेमगीतं जवळपास नाहीतच. सगळे अल्बम सारखेच वाटतात अशी टीका व्हायची, तेव्हा अँगस स्वतःच त्यावर विनोद करायचा.

म्हणून १९८० मध्ये चेहरा गेला तरी धंदा उभा राहिला. पद्धत जिवंत होती आणि ती एका माणसापुरती नव्हती. दोघा भावांना ती ठाऊक होती.

आमच्या डंकावर नेमकं उलटं होतं. चेहरा आणि पद्धत, दोन्ही एकाच माणसात.

घसरणही झाली, ती लपवायची नाही

आपल्याकडे यशोगाथा सांगताना मधली वर्षं गाळतात. मी गाळणार नाही.

१९८१ चा अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला, त्यांचा तिथला पहिलाच. मग मट लँगसोबतचं काम संपलं. त्याला प्रत्येक गोष्टीला फार वेळ लागायचा, बँडला झटपट काम हवं होतं. १९८३ चा अल्बम त्यांनी स्वतःच तयार केला. क्रमांक १५. १९८५ चाही स्वतःच. क्रमांक ३२. त्यातच १९८३ मध्ये फिल रड भांडणातून बाहेर पडला.

माल तोच, माणसं जवळपास तीच, मग घसरण का? माझ्या मते बाहेरचा कान गेला. 'आपल्याला आपलं काम कळतं' हे खरं असतं, पण आपल्या मालाला आपण रोज चाखत असतो म्हणून जीभ बधिर होते. मट लँगने माल बदलला नव्हता, तो फक्त 'हे परत करा' म्हणणारा माणूस होता.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. १९८८ पर्यंत माल्कमचं पिणं हाताबाहेर गेलं होतं. बॉनचं काय झालं ते सगळ्यांनी बघितलेलं होतं. माल्कमने चालू दौरा सोडला आणि दारू सोडवायला गेला. त्याच्या जागी अमेरिकेच्या दौऱ्यात वाजवलं पुतण्या स्टीव्ही यंगने. दिसायला इतका सारखा, वाजवायला इतका सारखा, की अनेक प्रेक्षकांना माणूस बदललाय हे कळलंच नाही.

मालकाने आजारपण मान्य करून सुट्टी घेणं आणि तोवर दुकान घरातल्या तयार माणसाने चालवणं. हे आपल्याकडे किती धंद्यांत होतं, सांगा बरं? माल्कम दारू सोडून परत आला.

१९९० मध्ये ब्रूस फेअरबेर्न या नव्या निर्मात्यासोबत 'द रेझर्स एज' आला, त्यातलं 'थंडरस्ट्रक' तुम्ही नाव माहीत नसतानाही कुठल्यातरी मैदानावर, रीलवर ऐकलं असेल. अमेरिकेत क्रमांक दोन. १९९४ मध्ये फिल रड परत आला. जुना कसबी माणूस भांडून गेला असेल तर दार कायमचं बंद करू नये, हाही धडा त्यातच आला.

विक्रीची जागा : एकदा बरोबर, एकदा उशीर

२००८ पर्यंत गाण्यांचा बाजार पूर्ण बदलला होता. लोक संगणकावर एकेक गाणं विकत घेत होते. एसी/डीसीने तसं करायला नकार दिला. त्यांचं म्हणणं, अल्बम ही सलग ऐकायची गोष्ट आहे, सुटी गाणी विकणार नाही. 'ब्लॅक आइस' हा अल्बम अमेरिकेत त्यांनी वॉलमार्ट या दुकानांच्या साखळीतून आणि स्वतःच्या संकेतस्थळावरूनच विकला. पहिल्या आठवड्यात अमेरिकेत ७ लाख ८४ हजार प्रती गेल्या आणि २९ देशांत तो पहिल्या क्रमांकावर पोचला. त्यानंतरच्या दौऱ्याने २०१० पर्यंत सुमारे ४४ कोटी डॉलरची तिकिटं विकली.

का जमलं? त्यांचं गिऱ्हाईक तेव्हा चाळिशी-पन्नाशीचं, किराणा-कपडे घ्यायला वॉलमार्टला जाणारं. गिऱ्हाईक जिथे आधीच उभं आहे तिथे माल नेऊन ठेवला.

पण हे कायम चालत नाही. नवी पिढी दुकानात जातच नव्हती. अखेर नोव्हेंबर २०१२ मध्ये त्यांनी आयट्यून्सवर गाणी दिली. तोवर बाकी बहुतेक मोठे बँड तिथे कधीच पोचले होते. मधल्या काळात नव्या पिढीपर्यंत पोचायला त्यांनी दुसरा रस्ता धरला होता : २०१० च्या 'आयर्न मॅन २' सिनेमासाठी त्यांच्या जुन्या गाण्यांचा वेगळा अल्बमच निघाला. आपल्याकडच्या कितीतरी पोरांना एसी/डीसी तिथेच भेटले. माल जुना होता, नवीन होती ती फक्त त्याची जागा.

माल्कमची वही

आता शेवटचा आणि माझ्यासाठी सगळ्यात अवघड भाग.

'ब्लॅक आइस'च्या वेळीच माल्कमची स्मरणशक्ती दगा देऊ लागली होती. स्वतः बसवलेल्या, तीस-तीस वर्षं वाजवलेल्या गाण्यांचे रिफ त्याला दौऱ्यात पुन्हा शिकावे लागायचे. तो कार्यक्रमाआधी बसून ते घोटायचा आणि मग स्टेजवर जायचा. तो दौरा त्याने पूर्ण केला. २०१४ मध्ये त्याला स्मृतिभ्रंश झाल्याचं जाहीर झालं आणि तो बँडमधून बाहेर पडला.

म्हणजे या वेळी चेहरा गेला नाही, पद्धतच गेली. आमच्या घरात जे झालं तेच.

पण इथे फरक होता. एक, स्टीव्ही तयार होता. १९८८ मध्ये जो पुतण्या बदली म्हणून आला होता तो आता कायमचा आला. दोन, माल्कम आणि अँगस यांना वर्षानुवर्षं एक सवय होती. सुचलेला प्रत्येक तुकडा नोंदवून ठेवायचा, वापरला नाही तरी टाकायचा नाही. त्या साठ्यातून २०१४ चा 'रॉक ऑर बस्ट' झाला.

पुढची तीन वर्षं मात्र घराला साडेसाती लागावी तशी गेली. फिल रड न्यूझीलंडमध्ये कोर्टकचेरीत अडकला आणि दौऱ्याला मुकला. मार्च २०१६ मध्ये डॉक्टरांनी ब्रायनला बजावलं, असंच गात राहिलास तर पूर्ण बहिरा होशील. उरलेल्या दौऱ्यासाठी 'गन्स अँड रोझेस'चा अ‍ॅक्सल रोझ आला. त्याचा पाय मोडलेला, त्यामुळे पहिले कार्यक्रम त्याने खुर्चीत बसून गायले. त्या बदलावर जुने चाहते नाराज झाले, काहींनी तिकिटं परत केली. दौरा संपताना क्लिफ विल्यम्सने निवृत्ती घेतली. ऑक्टोबर २०१७ मध्ये जॉर्ज गेला. १८ नोव्हेंबर २०१७ ला माल्कम गेला, वय ६४.

सगळ्यांनी धरून चाललं की संपलं.

१३ नोव्हेंबर २०२० ला 'पॉवर अप' आला. ब्रायन परत, कानात बसवायच्या नव्या तंत्राच्या मदतीने. फिल परत. क्लिफ निवृत्तीतून परत. रिदम गिटारवर स्टीव्ही. आणि अल्बममधल्या प्रत्येक गाण्यावर रचनाकार म्हणून दोनच नावं : अँगस यंग, माल्कम यंग. तीन वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचं नाव प्रत्येक गाण्यावर, कारण गाणी खरोखरच त्या जुन्या साठ्यातल्या तुकड्यांवर बांधलेली होती. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, तिन्हीकडे पहिला क्रमांक.

मी हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्या वडिलांचं तिसरं प्रमाण एका कागदावर असतं तर? एवढाच विचार येत राहिला. हिशोबाच्या वह्या ते रोज लिहायचे हो. फक्त ते प्रमाण लिहायचं राहिलं. त्यांना ते विसरणं शक्यच वाटलं नसावं.

२०२४ मध्ये बँड पुन्हा युरोपच्या दौऱ्यावर निघाला. ड्रम आणि बासवर नवी माणसं. १९७३ च्या त्या पहिल्या रात्रीपासूनचा माणूस आता एकटा अँगस. आणि स्टेडियम भरलेली.

काय घ्यायचं नाही

एक इशारा देतो. 'एसी/डीसीने माल बदलला नाही, म्हणून मीही बदलणार नाही' असं म्हणून कुणी हटून बसू नका. त्यांचं गिऱ्हाईक तोच माल मागत होतं. तुमचं गिऱ्हाईक निघून चाललं असेल तर हा हट्ट आहे, सातत्य नव्हे. आणि त्यांनीसुद्धा निर्माता बदलला, विक्रीची जागा बदलली, माणसं बदलली. न बदललेली गोष्ट एकच, गाण्याचा गाभा.

दुसरं, घरची माणसं धंद्यात असणं म्हणजे आपोआप चांगलं असं नाही. इथे मोठ्या भावाला बाजूला करायची वेळ आली, तेव्हा ते झालं, आणि पुढे तोच भाऊ पुन्हा कामालाही आला. नातं आणि काम वेगळं ठेवता आलं म्हणून निभावलं.

तुमचा गृहपाठ

रविवारी अर्धा तास काढा, वही घ्या आणि ही चार उत्तरं लिहा.

१. माझ्या धंद्याचा चेहरा कोण आणि पद्धत कुणाकडे? दोन्ही एकाच माणसात असेल तर त्या नावाभोवती लाल गोल करा.

२. गिऱ्हाईक माझ्याकडे ज्या एका गोष्टीसाठी येतं ती कोणती? एका वाक्यात. हा तुमचा रिफ. याला हात लावायचा नाही.

३. 'हे परत करा' असं मला तोंडावर सांगणारा बाहेरचा माणूस कोण आहे? नसेल तर शोधा.

४. माझा स्टीव्ही कोण? उद्या मी पंधरा दिवस उठू शकलो नाही तर कोण उभं राहील, आणि त्याला मी आजवर किती शिकवलंय?

आणि उत्तरं लिहून झाली की त्याच वहीत पुढच्या पानावर ती गोष्ट लिहा जी 'मला पाठ आहे, लिहायची काय गरज' असं वाटून तुम्ही कधीच लिहिली नाही. मापं, प्रमाणं, व्यापाऱ्यांची नावं, कुठलं गिऱ्हाईक उधारी कधी देतं, सगळं. लिहून झाल्यावर घरातल्या एका माणसाला ती वही कुठे ठेवली आहे ते सांगा.

पुढच्या व्हिडिओत अशी 'पद्धतवही' प्रत्यक्ष कशी बनवायची ते करून दाखवणार आहे. तोवर 'बॅक इन ब्लॅक' एकदा ऐका. सुरुवातीच्या घंटेकडे लक्ष द्या, आणि मग मागे, गायकाच्या आवाजाखाली, चालू असलेल्या त्या गिटारकडे.

भेटू पुढच्या आठवड्यात. धंदा सांभाळा, आणि सांभाळणारी माणसंही.